टाकीची भाषा

भाषेच्या प्रश्नावर गोव्याचा माणूस तडजोड करत नाही; पेडणे तालुक्यातल्या तुयेच्या सरबत कारखान्यात तर त्याने टाक्यांसाठीही केली नाही.

प्राजक्ता कोल्हापूरहून नवं सॉफ्टवेअर बसवायला आली होती. टाकी भरली की पडद्यावर इशारा कोणत्या भाषेत द्यायचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं. आज काम चालू झालं नाही, तर तिची नोकरी कायम होणार नव्हती.

"सॉफ्टवेअरमधल्या एकाच टाकीवर लिहायचं," तिने समजावलं, "बाकीच्या तिच्यावरूनच तयार होतात. सगळ्यांवर आपोआप तेच येतं."

"सगळ्यांवर?" मराठीवाले कोरगावकर ताडकन उठले. "म्हणजे आमच्या टाकीवरसुद्धा कोकणी? हे पेडणे आसा, बाय, मराठीचो गड!"

"मागीर आमच्या टांकयेर मराठी कित्याक?" कोकणीवाले नाईकही उठले.

जेवणाची सुट्टी संपली तरी दोघे उभेच. शेवटी प्राजक्तानेच तोड काढली: अक्षरं नकोतच, नुसता भोंगा वाजेल. भोंग्याला कुठली आलीय भाषा! दोन्ही पक्षांनी टाळ्या वाजवल्या आणि तिने हुश्श केलं.

संध्याकाळी आमसुलाच्या सरबताची टाकी काठोकाठ भरली, पों पों करून भोंगा वाजला, आणि सायकलवरून रोज असाच भोंगा वाजवत येणारा पाववाला पोदेर आला असं समजून दोन्ही पक्ष पिशव्या घेऊन गेटवर गेले.