मिनिमलमधला पाव्हणा

दिपकने कॉम्प्युटरमधला आवाज कायमचा काढून टाकला. आता हे झालंच नाही असं धरून पुढं वाचावं. दिपकही सकाळपासून तेच धरून बसला होता.

दिवाळी होताच तांडा ऊसतोडीला गेला. मागं राहिले दोघं: ऑनलाइन फॉर्म भरून देणारा दिपक आणि शेजारचा थावराबाबा, ज्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिपकचं मशीन इतकं जुनं की साइट उघडेपर्यंत गिऱ्हाईक पुसेगावच्या दुसऱ्या सेंटरला पोचायचं. आता गिऱ्हाईकच नव्हतं, वेळ होता. त्याने मशीनवर विंडोज काढून लिनक्स टाकलं, तेही मिनिमल. म्हणजे लागेल तेवढंच.

लागेल तेवढ्यात बरंच काही निघालं. नसलेल्या प्रिंटरची वाट पाहणारा प्रोग्राम. फॅक्सची सोय. जी वाचणारा शेवटचा माणूस कधीच गेला, अशा लिपीचे फॉन्ट. आणि ज्याला दिसत नाही त्याला स्क्रीन वाचून दाखवणारा एक आवाज, रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. चुकून कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि तो सुरू झाला.

थावराबाबा त्याला पाव्हणा म्हणायचा. भाकर खाऊन रोज यायचा, खुर्ची मशीनकडे वळवून बसायचा. आवाज म्हणायचा, बॅटरी कमी आहे. बाबा म्हणायचा, दम खा मंग. आवाज वेळ सांगायचा, बाबा त्याला मेलेल्या बैलांची नावं सांगायचा. दिपकला त्या दोघांत तिसरा झाल्यासारखं वाटायचं.

काल त्याने पासवर्ड टाकून सगळं फालतू उपटलं. मशीन हलकं झालं. फॉर्मची साइट एका क्लिकमध्ये उघडली आणि कोणीच आलं नाही म्हणून उघडीच राहिली.

आज बाबा आला, बसला, पाव्हण्याला जेवलात का म्हणून विचारलं. झोपलाय, असं दिपकने सांगितलं. त्यावर बाबाने खोकलासुद्धा दाबून धरला. ऊन खुर्चीखालून सरकून दारापर्यंत गेलं.

“काढलास व्हय त्याला?”

“जागा खाऊन राहिला होता, बाबा. बोलावलं कुणी होतं त्याला?”

“बोलावून कोण येऊन राहिलंय हितं?”

परत टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे, असं दिपक म्हणाला. बाबाने मान हलवली. आपणहून आला तवर पाव्हणा होता, आता धरून आणला तर गडी होईल. मग त्याने या लिनक्सचा मालक कोण ते विचारलं. मालक नाही, जगभरातली पोरं मिळून फुकट बनवतात हे कळल्यावर अर्ज कर म्हणाला. मालकच नाही तर अर्ज कुणाला करायचा, हे दिपकला कळेना.

“मी आजवर केले ते तरी कुणाला पोचले?” बाबा म्हणाला आणि काठी टेकत घरी गेला.

दिपकने लिनक्सवाल्यांचं तक्रारीचं पान उघडलं. तेही लगेच उघडलं. त्याने मराठीतच टाइप केलं:

‘महोदय, पुढील आवृत्तीपासून लागेल तेवढ्यात बोलणारे कोणीतरी एक सक्तीने देण्यात यावे. तसेच ते काढून टाकण्याची परवानगी अर्जदारास, त्याने कितीही वेळा पासवर्ड टाकला तरी, देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.’