पडद्याची रुंदी

"बाबा, आपल्या पडद्यावर सगळे इतके बारीक का दिसतात?"

मैत्रिणींनी तिच्याशी पैजच लावली होती, हिंमत असेल तर बाबाला विचार. दुपारी त्या तिच्या नाचाच्या सरावाचा व्हिडिओ बघायला आल्या आणि हसून हसून लोळल्या. "अगं, ही तू की तुझी सुकवलेली बहीण? मागचं घड्याळ बघ, अंडं झालंय त्याचं!"

बाबा नुकताच कामावरून आला होता. लोकांच्या घरी प्रोजेक्टर बसवायचा त्याचा धंदा. दिवसभर शिडीवर चढून-उतरून पाय भरून आलेले. गिऱ्हाइकांना तो रोज तेच तेच सांगायचा, चित्र ज्या मापाचं असेल त्याच मापात बघा, ताणू नका, दाबू नका. स्वतःच्या घरी मात्र रुंद चित्र दाबून चौकोनात बसवलेलं. दोन्ही बाजूंना पडदा काळाच.

त्याने सोफ्यावर मान टाकली. "उद्या बोलू ना गं. दमलोय."

"अहो, सांगून टाका एकदाचं," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तीही दमलेलीच. "किती दिवस झाकणार?"

"मामाच्या लग्नाचा व्हिडिओ लावला होता," बाबा डोळे मिटूनच बोलला. "स्वतःला बघून तू ताडकन उठून गेलीस. मग धड जेवायची नाहीस, फोटोत यायची नाहीस. म्हणून मी सेटिंग बदललं. हळूहळू तू परत पडद्यासमोर बसायला लागलीस. म्हटलं, राहू दे असंच."

याच पडद्यावर स्वतःला बघून तिने शाळेच्या कार्यक्रमात एकटीने नाचायला हो म्हटलं होतं.

तिने रिमोट उचलला. व्हिडिओ लावला आणि चित्र मूळ मापावर आणलं. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला. गाल पसरले, दंड पसरले, कंबरेचं तर विचारूच नका.

आईचा जीव टांगणीला लागला. बाबा सरळ उठून बसला. "बंद करू का, बाळा?"

"थांब रे."

तिने नाच शेवटपर्यंत बघितला. पाय तालावर पडत होते. एकही गिरकी हुकली नव्हती. तिने तो परत पहिल्यापासून लावला.

"मी नाचणारच," ती म्हणाली. "आणि तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसायचं. लांबून मी बारीक दिसते."