मुराळी

भावांसाठी वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही केल्यापासून क्रांतीला नागपंचमीला माहेरी न्यायला कधी मुराळी आला नव्हता. यंदाही नाही. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मात्र दोघं भाऊ दोन गाड्या घेऊन दारात हजर, आणि तिला थेट तासगावला वकिलाकडं घेऊन गेले.

वकिलानं नुकत्याच वारलेल्या वडिलांचं मृत्युपत्र वाचलं. स्वकष्टाची द्राक्षबाग दोन मुलांपैकी एकालाच मिळावी. कुणाला, ते क्रांतीनं ठरवावं. तिला स्वतःला मात्र घेता येणार नाही.

बापानं जाताजाताही आपल्याच तोंडाला पानं पुसली, असं तिला वाटलं. तरी तिनं विचारलं, "ठरवायला मुदत किती?"

"तुम्ही हयात असेपर्यंत," वकील म्हणाला.

"आक्का, नाव सांग की," धाकटा वीरधवल म्हणाला.

"सांगते. पंचमी होऊ दे."

"कालच झाली न्हवं?"

"पुढची."