नकलेतली लिंक

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाचा साहेब त्या दिवशी मुद्दामच शिकवायला बसला होता. वरच्या मजल्यावर बायकोच्या मेंदूचं ऑपरेशन चालू होतं आणि रिकामं बसलं की नको नको ते मनात यायचं.

"पेशंटच्या फोल्डरची ही नक्कल तुझ्या सरावासाठी केलीय," तो नव्याने रुजू झालेल्या मुलीला म्हणाला. "आतलं सगळं पुसून दाखव."

ती घुटमळली. "सर, यातलं 'स्कॅन' म्हणजे फोल्डर नाही, नुसती लिंक आहे. ती कुठे जाते ते आधी बघू का?"

"नकलेतली लिंक नकलेतच जाणार, दुसरीकडे कुठे? मीच केलीय ती. अगं, तोंड पोळायच्या आधीच ताक फुंकून पिऊ नये. पूस बिनधास्त!"

तिने लिंकमधून आत जाऊन सगळं पुसलं. मग न राहवून लिंक तपासली आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, तुम्ही हिच्यात 'शेजारच्या फोल्डरात बघ' असं नाही लिहिलेलं. मूळ फोल्डरचा पूर्ण पत्ता घातलाय. नक्कल कुठेही ठेवली तरी ही मूळ जागीच जाते. आपण खरे स्कॅन पुसले."

"घाबरू नकोस," तो कसाबसा म्हणाला. "काल रात्रीपर्यंतचा बॅकअप आहे."

तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून नर्सचा फोन आला.



"साहेब, वहिनींचे आज सकाळी काढलेले स्कॅन स्क्रीनवरून गेलेत. जरा पटकन परत आणा ना, डॉक्टर कवटी उघडून थांबलेत."