पूल आला की थांब

"पूल आला की थांब. तिथून मी पुढे होते," रोसाउराने मागून सांगितलं.

लुदमिला थांबणार नव्हती. सकाळपासून या सासूचं एकच पालुपद चाललं होतं: उन्हं चढली, उशीर झाला, नेउकेन शहरातल्या पोरींचा अर्धा दिवस केस विंचरण्यातच जातो. पुढच्या आठवड्यात शेळ्या वर न्यायच्या होत्या, म्हणून वरचं कुरण बर्फातून मोकळं झालंय का तेवढं बघून यायचं होतं. सासूच्या आधी पूल गाठून दाखवायचाच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

ऑक्टोबर, म्हणजे इकडचा वसंत, उजाडला तरी घळीत बर्फ पडून होता, मळका, वर झाडांच्या काटक्या विखुरलेल्या. लुदमिलाची नजर फळ्या आणि दोर शोधत होती, गावाखालच्या ओढ्यावर होते तसे. पाण्याचा आवाज येत होता, म्हणजे पूल जवळच असणार. वीसेक पावलं गेल्यावर आवाज वाढला. मग तो पायाखालून यायला लागला.

"सासूबाई, पूल कुठंय? मला तर दिसत नाही."

रोसाउरा वळणावर आली आणि जागीच खिळली.

"दिसेल कसा? तू त्याच्यावर उभी आहेस."

तिने आवाज जराही चढवला नव्हता. त्यामुळेच लुदमिला जागच्या जागी थांबली. तिने खाली पाहिलं. पाय घोट्यापर्यंत रुतला होता आणि रुतलेल्या जागी बर्फ करडा दिसत होता.

"पळू?"

"पळालीस तर गेलीस. पाठीवरचं उतरव. पोटावर आडवी हो. आणि आलीस तशीच मागे ये, पाय आधी, तुझ्याच पावलांवरून. त्यांनी एकदा तुला पेललंय."

"तुम्ही या ना. हात द्या."

"माझ्या अंगाकडे बघ एकदा. मी आले तर दोघी जाऊ."

लुदमिला पालथी झाली. पाणी थेट छातीखालून वाहतंय असं वाटत होतं. मरणाची भीती म्हणजे काहीतरी मोठं असेल, अशी तिची समजूत होती. तसं काही नव्हतं. नुसते दात वाजत होते आणि लघवीला लागली होती.

ती हातभर मागे सरली. समोर ठेवलेली सॅक होती, आणि मग नव्हती. आवाजसुद्धा झाला नाही.

"त्यात किटली गेली," मागून सासू म्हणाली. "जाऊ दे. डावीकडे सरक. अजून थोडी. उशिरा उठणाऱ्या बायका मरतातही उशिरा, घाबरू नकोस."

ती बोलतच राहिली. लुदमिला त्या आवाजाच्या दिशेने सरकत राहिली. शेवटी कुणीतरी तिचा घोटा धरला आणि तिला ओढून मातीवर घेतलं.

रोसाउराने घोटा सोडला नाही.

"थांब म्हटलं होतं मी."

"तुम्ही पूल म्हणालात."

"मग काय म्हणू? पहाटे बर्फ कडक असतो, तेव्हा त्याच्यावरून खेचरं जातात. ओढ्यावरच्या बर्फाला सगळे पूलच म्हणतात."

एवढ्यात खालच्या वळणावर रंगीत जॅकेटं घातलेलं एक जोडपं दिसलं. शहरातलं होतं. त्यातल्या बाईने हात हलवला.

"काकू, पुढे पूल आहे का?"

रोसाउराने सवयीने तोंड उघडलं.

"नाही," लुदमिला तिच्याआधी ओरडली. "पूल नाही."

जोडपं म्हातारीकडेच बघत राहिलं. वाट तिच्या पायाखालची, हे कुणालाही कळलं असतं. रोसाउराने एकदा घळीत सॅक गेली त्या भोकाकडे पाहिलं.

"ती सांगते ते ऐका," ती म्हणाली. "ती जाऊन आलीय."

सुनेचा घोटा अजून तिच्या मुठीत होता.