तिनास दोन

मंजुळाबाईंनी घंटा तिसऱ्यांदा वाजवली. पाड्याकडून कोणीच आलं नाही. वर्गात पाच मुलं बसली होती, तीन मुली आणि दोन मुलगे. अकरा वाजता तालुक्याचे साहेब डोकी मोजायला येणार होते.

चूक बाईंचीच होती. मागच्या महिन्यात सहावीला गुणोत्तर चाललं होतं. फळ्यावर आपलीच शाळा मांडली होती, मुली अठरा, मुलगे बारा. सहाने भागा. अठरास बारा म्हणजे तिनास दोन. उत्तर सोप्या रूपात नसेल तर बाई अर्धा गुण कापत. सहावीतली ठकी मात्र रोज एकच प्रश्न घेऊन उभी राहायची. अठरा पोरी होत्या, तीनच उरल्या, मग बाकीच्या कुठं जातात? शेवटी बाई वैतागल्या. "कुठे जात नाहीत गं. त्यातच असतात. सहाने गुण, सगळ्या परत येतील."

त्याच दुपारी पटाचा तक्ता भरायचा होता. त्यात 'मुली : मुलगे' असा रकाना होता. मधली दोन टिंबं दिसली आणि बाईंचा हात सवयीने चालला. ३ : २. खाली सही, शिक्का. तालुक्याला कोणीतरी तीन आणि दोन मिळवले, आणि पाच पटाची शाळा म्हणून तिचं नाव बंद करायच्या यादीत गेलं.

यादी पाहून बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बोईसरच्या घरून स्कूटी काढून त्या तशाच पालघरला साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. हजेरीपत्रक दाखवलं, चूक कबूल केली, हातही जोडले. साहेब काही वाईट माणूस नव्हते. फक्त कागदावरच तीसचा पट दाखवणारी हजेरीपत्रकं त्यांनी खूप पाहिली होती. ते म्हणाले, कागद राहू द्या, सोमवारी येतो आणि डोळ्यांना दिसतील तेवढी लिहितो.

सोमवार म्हणजे दिवाळी होऊन दहावा दिवस. दिवाळी सरली की पाड्यावर वीटभट्टीचा ट्रक येतो आणि घरंच्या घरं उचलून नेतो. बाई हे आठ वर्षं बघत होत्या. रविवारी त्या घराघरात फिरल्या. फक्त उद्याचा दिवस थांबा, मग खुशाल जा, असं सांगत राहिल्या. लोकांनी कोरा चहा दिला आणि माना डोलावल्या. ठकीचा बाप मंगळ्या तेवढा खरं बोलला.

"बाय, ट्रक आमच्यासाठी थांबत नाय. ठकीला आजीपाशी ठेवतो. शाळा हाय तवर ठेवतो."

ट्रक उजाडताच येऊन गेला. गोधड्या, भांडी, कोंबड्या आणि पंचवीस मुलं वसईकडच्या भट्टीवर निघून गेली. ज्यांच्या घरात एखादं म्हातारं माणूस होतं, तेवढी पाच मागे राहिली.

शाळा बंद झाली असती तरी बाईंचं काही बिघडणार नव्हतं. बदली मिळाली असती, कदाचित बोईसरच्या जवळही, आणि पगार चालूच राहिला असता. मुलांना मात्र नदी ओलांडून मासवणच्या शाळेत जावं लागलं असतं. त्यातलं एकही जाणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या दिवाळीला हीही पाच ट्रकात बसली असती, ठकीसुद्धा. आणि पावसाच्या तोंडावर परतणाऱ्या पंचवीस जणांना दाराला कुलूप दिसलं असतं. हे सगळं एका रकान्यापायी. बाईंना स्वतःचा इतका राग आला होता की हातातला खडू मोडला तरी त्यांना कळलं नाही.

साहेब वेळेवर आले. मोजायला वेळ लागलाच नाही. त्यांनी पिशवीतून तोच तक्ता काढला, रकान्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा एकदा मुलांकडे पाहिलं.

"मॅडम, मुली तीन, मुलगे दोन. तुम्ही बरोबरच लिहिलं होतं. मग चूक नेमकी कुठे झाली?"

बाईंना ट्रक सांगायचा होता, भट्टी सांगायची होती, ती पोरं जूनमध्ये न चुकता परत येतात हे सांगायचं होतं. पण हे सगळं बहाण्यासारखं वाटणार, हे त्यांनाच आधी कळलं. त्यांनी हजेरीपत्रक पुढे केलं. साहेबांनी ते उघडलं नाही. मग आठ वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं, बाईंना वर्गासमोर रडू फुटलं. साहेबांनी अवघडून नजर खाली वळवली आणि पेनाचं टोपण काढलं.

ठकी उभी राहिली. बाईंनी तिला हातानेच बसायला सांगितलं. हिचा तो प्रश्न आता नको होता. ठकी बसली नाही. ती पुढे आली, साहेबांच्या हातातल्या कागदाकडे मान वाकडी करून बघितलं आणि शांतपणे म्हणाली,

"साहेब, हे सोपं रूप हाय. दोनी आकडे सहानं गुणा. बाकीची कुठं गेली नायत, आमच्यातच हायत."