गावपळणीतला वाघ

गावपळण चालू होती. देवाच्या हुकमाने सारा गाव गुराढोरांसकट, कोंबड्यांसकट वेशीबाहेरच्या झोपड्यांत राहायला आला होता आणि परतीचा कौल मिळेपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नव्हतं. अशातच ऑर्कुटवर फोटो फिरू लागला, ओस गावात वाघ शिरल्याचा. गुणाजी मालवणच्या सायबर कॅफेतून तो छापूनच घेऊन आला. त्याने बायकोपुढे कागद धरला. "हिरा, खळा आपला, तुळस आपली. पण तुळशीची सावली हकडे पडता नि वाघाची तकडे. वाघ मागसून चिकटवललो!" झोपडीत जमलेल्यांचा जीव भांड्यात पडला. हिराने मात्र वाघाकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं. "वाघ खोटो तर खोटो," कमरेची किल्ली चाचपत तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "पण घराक कुलूप लावन, निघताना तुळशीकडे नारळ मी ठेवलंय. फोटोत नारळ आसा नि दार सताड उघडा. कोणी उघडल्यान?"